नोंदीतलं नाव

थिओडिस रेम्बर्ट फेडरल कोर्टाचे जज होणार, ही बातमी फुटण्याआधी महिनाभर आमच्या गल्लीत सरकारी माणसं येऊन गेली. दोघेही गोरे, करड्या सुटातले, हातात वह्या. त्यांनी दारोदार फिरून विचारलं, "थिओडिस रेम्बर्ट नावाच्या गृहस्थांना ओळखता का?" आणि ज्यांनी त्यांना लहानपणी नदीत बाप्तिस्मा घेताना पाहिलं होतं, त्या आमच्या सगळ्या माणसांनी एकजात नकारार्थी माना हलवल्या. न्हाव्याने तर कमाल केली. "हे नाव आजच ऐकतोय," म्हणाला, आणि समोरच्या खुर्चीत तोंडाला साबण फासून रेम्बर्टसाहेबच बसले होते. मी तरी कुठे मागे होते? त्यांच्या नावाची पाटी माझ्या डोक्यावर टांगलेली असताना मी त्या दोघांना सांगितलं, "साहेब बाहेरगावी गेलेत. कधी येतील, देव जाणे."

सूट घातलेले गोरे वही घेऊन आले की काय बोलायचं, हे अमेरिकेच्या दक्षिणेत, आमच्या पेटिग्रू काउंटीत, कुणाही काळ्या माणसाला शिकवावं लागत नाही. वॉशिंग्टनला अहवाल गेला, की या नावाचा माणूस तिथे राहतो असा पुरावा मिळाला नाही. जजपद हातचं जायची वेळ आली. शेवटी रविवारी पास्टरनी प्रवचन मध्येच थांबवलं आणि म्हणाले, "भावांनो, बहिणींनो, ह्या खेपेच्या गोऱ्यांना खरं सांगा. ह्या खेपेला चालेल." तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

मी फ्लॉय हॅग्वुड. रेम्बर्टसाहेबांकडे वीस वर्षं स्टेनो होते, आणि ते जज झाल्यावर कोर्टात बोललेला शब्द न् शब्द लिहून घेण्याचं काम त्यांनी मलाच दिलं. त्यांच्याबद्दल लिहायला माझ्याहून लायक माणसं आहेत, हे मला पुष्कळांनी ऐकवलंय. असतील. पण त्यांच्या हातून सगळ्यात मोठा खटला गेला तो माझ्यामुळे, आणि हे त्या लायक माणसांना माहीत नाही.

साहेबांचे वडील पाइनच्या रानात टर्पेंटाइन काढायला जायचे. पोरगा हुशार निघाला. राज्याच्या लॉ कॉलेजात आमच्या माणसांना घ्यायची पद्धत नव्हती, म्हणून राज्यानेच त्यांना तिकीट आणि फी देऊन उत्तरेकडच्या कॉलेजात धाडलं. "सरकारने माझ्यावर खर्च केला तो एकदाच," साहेब सांगायचे, "आणि तोही मी इथून जावं म्हणून." पण शिकून झाल्यावर ते परत आले. हे सरकारच्या हिशेबात नव्हतं.

त्यांचं ऑफिस मासळीच्या दुकानावर होतं. फाइलींना, खुर्च्यांना, माझ्या कोटाला, सगळ्याला मुलेट माशाचा वास. सरकारी वकील आमचे अर्ज नाक मुरडत उघडायचे आणि साहेबांना त्याची मजा वाटायची. माणूस वेळेचा इतका पक्का, की लोक त्यांना जिन्यावर पाहून घड्याळं लावायचे. कोटाच्या खिशात उकडलेल्या शेंगा. आवाज कधी चढवला नाही. राग आला की त्यांचं बोलणं हळू होत जायचं. एकेक शब्द सुटा पडायचा. ते फारच हळू बोलायला लागले, तर मी पेन्सिलीला टोक काढून ठेवायची.

आता तो खटला.

एकोणीसशे त्रेसष्ट साली मिसेस गुडलो मतदार म्हणून नाव नोंदवायला काउंटीच्या कोर्टात गेल्या. शाळेच्या स्वयंपाकघरात त्या मुख्य स्वयंपाकीण होत्या आणि आमच्या चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवायच्या. मला अक्षरओळख झाली ती त्यांच्याकडे. डोक्यावर हॅट घातल्याशिवाय त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. कारकून म्हणाला, खिडकी बंद झाली. त्या म्हणाल्या, घड्याळात साडेतीन वाजलेत, पाटीवर पाच लिहिलंय, मी थांबते. त्या थांबल्या, आणि सरकारी कामात अडथळा आणला म्हणून त्यांना अटक झाली.

खटला उभा राहिला. आमच्या बाजूने रेम्बर्टसाहेब, काउंटीच्या बाजूने क्रँडल टिल्सन. त्याला मी 'तो' म्हणते ते मुद्दाम. त्या काळी आमच्याकडे गोरी बाई सोळा वर्षांची असली तरी कोर्टात तिला 'मिस' आणि लग्न झालं की 'मिसेस'. आमची बाई साठीची असली तरी नुसतं नाव. मिसेस गुडलो साक्षीला पिंजऱ्यात बसल्या होत्या. टिल्सन तिथे आला, खिशात हात घालून उभा राहिला आणि म्हणाला, "हेस्टीन, त्या दिवशी खिडकीपाशी तू काय करत होतीस?"

मिसेस गुडलो समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"हरकत आहे," साहेब उठले. "साक्षीदाराला आदराने संबोधण्यात यावं."

"हरकत फेटाळली," काउंटीचा जज म्हणाला. "साक्षीदाराने उत्तर द्यावं."

"हेस्टीन, मी तुला विचारतोय."

भिंत. हरकत. फेटाळली. असं चौदा वेळा झालं. टिल्सनचे कान लाल झाले, साहेबांचं बोलणं गोगलगायीसारखं चाललेलं, आणि मिसेस गुडलोंच्या हॅटवरचं पीसदेखील हललं नाही. शेवटी कोर्टाचा अवमान केला म्हणून जजने त्यांना दहा दिवसांची कैद सुनावली. अडथळ्याचा मूळ आरोप राहिला बाजूला.

मी घाबरले नाही. उलट खूश होते. कारण हे वरच्या कोर्टात टिकणारच नव्हतं. स्वतःच्या नावाचा मान राखला म्हणून बाईला कैद, हे कागदावर नीट मांडलं की झालं. साहेब म्हणालेही, "फ्लॉय, हा खटला एकट्या मिसेस गुडलोंचा नाही. हा जिंकला की ह्या राज्यात आपल्या कुठल्याच बाईला पिंजऱ्यात नुसत्या नावाने कुणी हाक मारणार नाही."

असल्या किरकोळ खटल्यांना काउंटी स्टेनो देत नसे. नोंद हवी तर आपला माणूस आणायचा. ती नोंद मी केली होती. लघुलिपी मी टपालाने शिकले होते, आणि माझ्याइतकी जलद लिहिणारी आसपासच्या तीन काउंट्यांत नव्हती. टंकून झालं, साहेबांनी वाचलं, सही केली. नियमाप्रमाणे दुसऱ्या बाजूची सही लागते म्हणून मी ते कागद टिल्सनकडे नेले. त्याने एक पान वाचलं, दुसरं वाचलं, मागे जाऊन पहिलं पुन्हा वाचलं. मग हसला, सही केली आणि मला म्हणाला, "छान टंकतेस तू, पोरी." मला वाटलं, बिचाऱ्याला मनातून लाज वाटली असेल. मी त्याला चक्क 'थँक यू, सर' म्हणाले. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

चार महिन्यांनी निकाल आला. एकच परिच्छेद. 'नोंदीवरून असं दिसतं, की साक्षीदाराला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सभ्यपणे संबोधण्यात आलं. तिच्या वकिलांनी वारंवार घेतलेली हरकत नेमकी कशाला होती, याचा बोध होत नाही. साक्षीदाराने उत्तर नाकारण्याचं काहीही कारण दिलेलं नाही. शिक्षा कायम.'

साहेबांनी तो कागद खिडकीशी उभं राहून वाचला. मग नोंदीची आमची प्रत मागितली. पान उलटलं, बोट ठेवलं.

"फ्लॉय," ते फार हळू म्हणाले, "इथे टिल्सन काय म्हणाला होता?"

मी वाकून वाचलं. 'प्रश्न: मिसेस गुडलो, त्या दिवशी खिडकीपाशी आपण काय करत होता?'

खाली 'मिसेस गुडलो, मी आपल्याला विचारतोय.' त्याखाली पुन्हा. चौदाच्या चौदा ठिकाणी मिसेस गुडलो, मिसेस गुडलो.

मी धावत जाऊन पेन्सिलीची वही काढली, मूळ खुणा तरी बरोबर असतील म्हणून. वहीतही 'मि. गु.' अशीच खूण. ऐकताना हेस्टीन ऐकलं होतं, रागाने कानशिलं तापली होती, आणि हाताने मिसेस गुडलो लिहिलं होतं. ज्या बाईने मला अक्षरं गिरवायला शिकवली, तिचं नुसतं नाव माझ्या हाताला लिहिता येतच नव्हतं. मी ते ठरवून बदललं असतं तर निदान पाप म्हणता आलं असतं. मला ते कळलंसुद्धा नाही.

"मला हाकला," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता हाकला."

"आणि टंकणार कोण?" साहेब खुर्चीत बसले. "फ्लॉय, मीही हे वाचलंय. दोनदा. माझ्याही डोळ्याला खटकलं नाही. आपल्या दोघांच्या आयांनी वळण लावलं, तेच नडलं."

"मी त्यांना जाऊन सांगते."

"तू काही सांगायचं नाहीस. सही माझी आहे. सांगणार मी."

ते गेले, मी मागोमाग. मिसेस गुडलो ओसरीत बटरबीन्स सोलत बसल्या होत्या. मी कुंपणाशीच थांबले, पण सगळं ऐकू येत होतं. "सिस्टर गुडलो, आपण हरलो," साहेब म्हणाले. "चूक माझी आहे. मला बाजू मांडता आली नाही."

मिसेस गुडलोंनी शेंग सोलून दाणे भांड्यात टाकले. "मग इतक्या लांब आगगाडीने जाऊन शिकलास तरी काय, थिओडिस?"

मी कुंपणापलीकडे गेले नाही, खरं सांगितलं नाही. ती माझी दुसरी चूक, आणि ही मात्र मला त्याच वेळी कळत होती.

मिसेस गुडलो दहा दिवस आत राहून आल्या. तिथे त्यांना फरशा घासायला लावलं. बाहेर आल्या त्या तीच हॅट घालून. साहेब दिसल्यावर 'गुड मॉर्निंग' एवढंच, आणि मग चर्चच्या पायऱ्यांवर बायांना सांगणं, "पोरगा स्वभावाने चांगला आहे, पण वकिली त्याच्या डोक्यात शिरलेली नाही." वर्षभर आमचा जिना कुणी चढेना. खाली मासळी घ्यायला आलेली आमचीच माणसं वर बघून म्हणायची, "हरणारे वकील आहेत का घरी?" साहेब खिडकीतून वाकून उत्तर द्यायचे, "आहेत, आणि रिकामेच आहेत. या."

मग हळूहळू एकेक खटला ते जिंकत गेले. हॉस्पिटलात एकाच दारातून आत जायचा खटला, ज्यूरीच्या यादीचा, शाळेच्या बसचा. नोंद प्रत्येक वेळी मीच करायची आणि टंकलेलं तीनदा ताडून पाहायची. साहेबांनी कधी विचारलं नाही, की फ्लॉय, ह्या खेपेला बरोबर आहे ना? त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

जज झाले तेव्हा केसांत चांदी आली होती. पहिल्याच दिवशी एका वकिलाने साक्षीदाराच्या तोंडात उत्तर कोंबणारा प्रश्न विचारला, तर जजसाहेब वर बसल्या जागेवरून अर्धे उठले आणि म्हणाले, "हरकत..." सगळं कोर्ट त्यांच्याकडे बघत राहिलं. जजसाहेब पुन्हा बसले, झगा सारखा केला आणि म्हणाले, "मंजूर." त्या दिवशी हसून माझी बोटं लघुलिपीच्या यंत्रावर घसरत होती.

आणि वर्षभराने आमच्या काउंटीचा खटला त्यांच्याच समोर आला. काउंटीच्या मंडळावर पाच सभासद, आणि पाचही जण सगळ्या काउंटीने मिळून निवडायचे. आम्ही शंभरात बेचाळीस, पण निवडून आलेले शून्य. मागणी साधी होती: काउंटीचे पाच वॉर्ड करा, ज्याने त्याने आपला सभासद निवडावा. फिर्याद करणाऱ्यांत पहिलं नाव मिसेस गुडलोंचं. त्या तीनदा उभ्या राहून तीनदा पडल्या होत्या. ह्या वेळी त्यांचा वकील दुसरा, तरुण होता. काउंटीचा वकील तोच. क्रँडल टिल्सन, आता एकाहत्तर वर्षांचा.

डाव कुणाच्याही लक्षात येण्यासारखा होता. जजसाहेबांनी जरा जरी पक्षपात दाखवला, एक शब्द जरी रागाने बोलले, तर टिल्सन वरच्या कोर्टात जाऊन खटला त्यांच्या हातून काढून घेणार. मग दुसरा जज, दुसरी तारीख, आणखी दहा वर्षं. मिसेस गुडलोंचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर.

त्या पिंजऱ्यात येऊन बसल्या. टिल्सन उठला, खिशात हात घातले, आणि म्हणाला, "हेस्टीन, तू तीनदा निवडणूक हरलीस, बरोबर?"

मुद्दाम केलं की सवयीने तोंडातून गेलं, देव जाणे. मिसेस गुडलोंनी समोरची भिंत शोधून काढली. माझ्या मनात आलं, साहेब, टाका ह्याला आत! दहाच दिवस!

जजसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "मिस्टर टिल्सन," ते म्हणाले, "हा. प्रश्न. आपण. कुणाला. विचारलात?"

"साक्षीदाराला."

"माझ्यासमोर साक्षीदार म्हणून मिसेस गुडलो आहेत. आपण घेतलेल्या नावाचं दुसरं कुणी बाहेर बसलं असेल तर बोलावून घेऊ. बेलीफ, पुकारा करा."

बेलीफ ड्युई हा उंचच उंच, सरळ मनाचा माणूस. त्याला सांगितलं ते तो करतो. बाहेर व्हरांड्यात जाऊन त्याने खड्या आवाजात तीनदा पुकारा केला, "हेस्टीन हाजिर आहे? हेस्टीन?" मग आत येऊन म्हणाला, "जजसाहेब, तिथे एक माळीकाका आणि दोन वकील बसलेत. तिघंही नाही म्हणतात."

"या नावाचा साक्षीदार हजर नाही, अशी नोंद करा," जजसाहेब मला म्हणाले. "मिस्टर टिल्सन, चालू द्या."

मागच्या बाकांवर हसण्याची एक लाट दबत दबत गेली. टिल्सन टेबलाशी गेला, कागद गोळा केले आणि म्हणाला, आज मला पुढे काही विचारायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा अर्ज दाखल झाला. जजसाहेबांच्या मनात गोऱ्या वकिलांविषयी अढी आहे, सबब त्यांनी हा खटला सोडावा. पुरावा कलम सहामध्ये: 'सदर साक्षीदाराला १९६३ साली कोर्टात सभ्यपणे संबोधण्यात येत असताना, जसं नोंदीवरून स्पष्ट आहे, तिचे त्या वेळचे वकील व आजचे न्यायाधीश यांनी चौदा वेळा विनाकारण हरकत घेतली.'

माझी नोंद. सतरा वर्षांनी तीच नोंद घेऊन तो जजसाहेबांच्या गळ्याला फास लावायला आला होता. हे पद गेलं, वॉर्ड गेले, तर ह्या खेपेलाही माझ्यामुळेच.

अर्जाच्या सुनावणीत टिल्सनने सुरुवातच केली, "जजसाहेब, त्या खटल्याचा निकाल चुकीचा होता, असं आजही आपलं मत आहे का?"

हो म्हटलं तर अढी सिद्ध. नाही म्हटलं तर पहिल्या बाकावर मिसेस गुडलो बसल्या होत्या.

जजसाहेबांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "वरच्या कोर्टासमोर जी नोंद होती, ती मला पाठ आहे," ते म्हणाले. "त्या नोंदीवर मीही तोच निकाल दिला असता."

बाकांवरून एक सुस्कारा आला. मिसेस गुडलोंनी मान खाली घातली. त्यांना मी तुरुंगातून बाहेर येताना पाहिलं होतं, तेव्हाही त्यांनी मान खाली घातली नव्हती. ती नोंद कुणी केली, हे जजसाहेब बोलले नाहीत. आणि मी त्यांच्या पायाशी बसून त्यांचं ते वाक्य लिहीत होते.

"आता माझा एक प्रश्न," जजसाहेब म्हणाले, आणि त्यांचं बोलणं इतकं हळू झालं की माझी बोटं शब्दाशब्दावर थांबायला लागली. "कलम सहाच्या खाली आपली सही आहे. मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा, असं वर लिहिलंय. नोंद काय म्हणते ते मी विचारत नाही. त्या खोलीत आपण होता. मी होतो. त्या होत्या. मिस्टर टिल्सन, कलम सहा खरं आहे का?"

टिल्सन उद्धट होता, आतल्या गाठीचा होता. पण पन्नास वर्षांच्या वकिलीत भर कोर्टात स्वतःच्या तोंडाने खोटं बोललेला माणूस तो नव्हता. आजवर त्याला ते करावंच लागलं नव्हतं. त्याच्यासाठी ते मी केलं होतं.

"जजसाहेब," तो म्हणाला आणि खिशातले हात बाहेर काढले, "कलम सहा खरं नाही. मी तिला हेस्टीन म्हणालो होतो. चौदाही वेळा. नोंद वाचताना माझ्या लक्षात आलं होतं. मी तशीच सही केली."

मी लिहिलं. बोटं थांबली नाहीत.

"मिस हॅग्वुड," जजसाहेब म्हणाले, "नीट ऐकू आलं?"

"हो, जजसाहेब."

"वाचून दाखवा."

वाचून दाखवणं हे माझं रोजचंच काम. यंत्रातली कागदाची पट्टी हातात घेतली आणि उभी राहिले. मिसेस गुडलो माझ्यापासून चार पावलांवर. सहा वर्षांची असताना ज्यांच्यासमोर उभं राहून मी बायबलचं पहिलंवहिलं वचन म्हटलं होतं, त्यांच्यासमोर, भरल्या कोर्टात, माझ्या तोंडाने ते नाव. मी जजसाहेबांकडे पाहिलं. ते सोडवणार नव्हते. ते कागद बघत होते.

"वाच ना, पोरी," मिसेस गुडलो म्हणाल्या. "तो म्हणाला तसंच वाच."

"'मी तिला,'" मी वाचलं, "'हेस्टीन म्हणालो होतो. चौदाही वेळा.'"

माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मग मी खाली बसले, आणि यंत्रावर वाकून रडले, ते कुणाला दिसलं असेल तर असो.

टिल्सन म्हणाले, अर्ज मागे घेतो. हो, आता 'म्हणाले'. तेवढं त्यांनी त्या सकाळी कमावलं. मग मिसेस गुडलो पुन्हा पिंजऱ्यात बसल्या आणि टिल्सननी दुपारपर्यंत त्यांची उलटतपासणी घेतली, कडक घेतली, आणि प्रत्येक प्रश्नाआधी मिसेस गुडलो म्हणाले. मिसेस गुडलोंनीही प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं.

जेवणाच्या सुट्टीत मी मिसेस गुडलोंना व्हरांड्यात गाठलं. "ती नोंद मी केली होती," मी म्हणाले. "साहेबांच्या वकिलीची चूक नव्हती. मला तुमचं नुसतं नाव लिहिता आलं नाही, मी मिसेस गुडलोच लिहीत गेले. दहा दिवस माझ्यामुळे."

मिसेस गुडलो माझ्याकडे वळल्या. "तुरुंगातली ग्रिट्सची लापशी खाल्लीयस कधी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"खळ बरी." मग त्या एकदम बाकावर बसल्या आणि पर्स मांडीवर घट्ट धरली. "फ्लॉय, मी त्याला सतरा वर्षं अडाणी म्हणतेय. चर्चभर म्हणतेय. दर रविवारी गुडघे टेकून, की देवा, रेम्बर्टांच्या पोराला थोडी अक्कल दे. आणि त्याला तोंड होतं की नाही सांगायला?" त्यांचे डोळे भरून आले. "मी आत्ता जाते त्याच्याकडे."

"आत्ता नाही जाता येणार. खटला चालू असताना जजशी बोलता येत नाही."

"मग संपल्यावर जाईन."

संपायला पावणेदोन वर्षं लागली. जजसाहेबांनी पाच वॉर्ड करायचा हुकूम दिला, काउंटी वर गेली, वरच्या कोर्टाने नोंद वाचली आणि हुकूम कायम केला. एवढ्या काळात मिसेस गुडलो रस्त्यात समोर जजसाहेब दिसले तर दुसऱ्या फुटपाथवर जायच्या. लोक म्हणायचे, म्हातारीचा राग अजून गेला नाही.

वरच्या कोर्टाचा कागद आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दहा मिनिटं कमी असताना त्या जजसाहेबांच्या खोलीच्या दाराशी हजर. तिसरा मजला, काठी टेकत चढून आलेल्या. जजसाहेब उठून उभे राहिले. त्या आत गेल्या आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं.

नऊ वाजले. वकील येऊन बसले. सव्वानऊ झाले. ड्युई दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेला. ज्या माणसाकडे बघून लोक घड्याळं लावायचे, त्यांचं कोर्ट त्या दिवशी चाळीस मिनिटं उशिरा भरलं. आत काय बोलणं झालं, ते मला माहीत नाही. ते कुणी लिहून घेतलं नाही.